जागा लागली, आता खातेवही उघडा

जुलै महिना लागला की आमच्या मालेगावच्या कापड बाजारात सुताच्या भावाबरोबर आणखी एक भाव विचारला जातो. "मुलीला पर्सेंटाईल किती? नंबर कुठे लागला?" सायझिंगवाला विचारतो, दलाल विचारतो, गाठी बांधणारा हमालही विचारतो. ही फार चांगली गोष्ट आहे. चाळीस वर्षांपूर्वी आमच्या मोहल्ल्यात हा प्रश्न विचारण्याचे कोणाला सुचत नव्हते.

परंतु वाचकहो, एक गोष्ट आम्हाला खटकते. आम्ही व्यापारी माणसे पन्नास ताक्यांचा सौदा करायचा झाला तरी कापड दुकानाबाहेर उजेडात नेतो. पन्हा मोजतो, रीड-पिक तपासतो, पडता भाव काढतो, समोरच्या पार्टीने मागच्या हंगामात माल कसा दिला याची दोन ठिकाणी चौकशी करतो. आणि पोटच्या लेकराच्या चार वर्षांचा सौदा मात्र दोन दिवसांत, शेजाऱ्याच्या शब्दावर, घाबरून करून टाकतो. ज्याने आयुष्यात कधी दिव्याखाली कापड घेतले नाही, तो माणूस कॉलेज मात्र जाहिरातीतल्या फोटोवरून घेतो.

ही टीका आम्ही दुसऱ्यावर करीत नाही. ही चूक आम्ही स्वतः केली आहे. दोन मुलांच्या प्रवेशात एकदा ठोकर खाल्ली आणि एकदा सांभाळलो. त्या दोन्ही वेळांचा रोजमेळ आज या पानावर मांडावा, म्हणजे ज्यांच्या घरी पुढच्या हंगामात ही चिठ्ठी येणार आहे त्यांना काही उपयोग होईल, एवढाच हेतू.

नोटीस बोर्डाचा जमाना

आम्ही १९८६ साली उर्दू माध्यमातून दहावी झालो. त्या वेळी कॉलेज निवडणे हा प्रकारच नव्हता. जे जवळ, ते आपले. अर्ज भरला, आठ दिवसांनी नोटीस बोर्डावर टाईप केलेला कागद चिकटवला, त्यात आमचे नाव होते. नाव चुकीचे लिहिले होते, पण आमचेच होते. वाणिज्य शाखेत जाऊन बसलो. पहिल्याच दिवशी सरांनी बुक-कीपिंग इंग्रजीतून सुरू केले. डेबिट-क्रेडिट आम्हाला येत होते, कारण अब्बांच्या गादीवर तेच चालत असे. पण ते इंग्रजीतून आले तेव्हा ओळखू आले नाही. दीड वर्षात कॉलेज सुटले व आम्ही गादीवर आलो. त्या वेळी कोणी विचारणारा असता की, तुझे माध्यम काय, तुला तयारीला वर्ष लागेल का, तर कदाचित हिशेब वेगळा झाला असता. असो.

महाराष्ट्रात १९८३ पासून विनाअनुदानित अभियांत्रिकी कॉलेजे निघू लागली आणि दारे उघडली. पूर्वी जागा कमी आणि अर्ज भारंभार अशी स्थिती होती. आज बऱ्याच ठिकाणी उलटे आहे. काही शाखांत जागा रिकाम्या राहतात आणि कॉलेजवालेच गिऱ्हाईक शोधत फिरतात. ज्या बाजारात विकणारा घाईला आला आहे, तिथे घेणाऱ्याने घाई करू नये, हा व्यापाराचा पहिला धडा. पण नेमकी तीच घाई आपण करतो.

आम्हाला बसलेला फटका

साल २०१६. आमच्या थोरल्या मुलाला प्रवेश परीक्षेत बरे गुण पडले. सरकारी फेऱ्या सुरू व्हायच्या आधीच एका खाजगी संस्थेचे गृहस्थ आमच्या दुकानी आले. अदबीने बसले, चहा घेतला, म्हणाले, "शेठ, जागा भरत चालल्या आहेत. तुमच्यासाठी एक राखून ठेवली आहे. उद्यापर्यंत इसार द्या, नाही तर माझ्या हातात काही राहणार नाही."

आम्ही पंचवीस वर्षे हेच वाक्य सूत दलालांच्या तोंडून ऐकत आलो. भाव चढणार आहे, आज घ्या. त्या दलालांना आम्ही हसून परत पाठवीत असू. त्या दिवशी मात्र हसू आले नाही. साठ हजार रुपये रोख भरले आणि त्यांनी मागितली म्हणून दहावी-बारावीची मूळ गुणपत्रके व शाळा सोडल्याचा मूळ दाखलाही देऊन बसलो. पावती मिळाली ती पैशांची. कागदांची पावती आम्ही मागितली नाही.

दुसऱ्या फेरीत मुलाला सरकारी कॉलेजात जागा लागली. घरात आनंद झाला. आम्ही कागद आणायला गेलो. पहिल्या दिवशी सांगितले, क्लार्क रजेवर आहे. दुसऱ्या दिवशी सांगितले, साहेब बाहेरगावी आहेत, कपाटाची किल्ली त्यांच्याकडे आहे. तिसऱ्या दिवशी सांगितले, चार वर्षांची पूर्ण फी भरा, मग कागद न्या. चौथ्या दिवशी सरकारी कॉलेजात हजर होण्याची मुदत संपली. मुलगा काही बोलला नाही. फाटकाबाहेर येऊन स्कूटरवर मागे बसला आणि घरापर्यंत आमच्या खांद्याला हात लावला नाही.

त्याने त्याच संस्थेतून पदवी घेतली. मेहनती पोरगा, आज नोकरीत आहे, दोन पैसे कमावतो. म्हणून लोक म्हणतात, काय बिघडले? बिघडले हे की, चार वर्षांची फी सरकारी कॉलेजच्या कितीतरी पट भरली, त्यासाठी आमचे चार माग विकले गेले, आणि जो निर्णय मुलाचा होता तो एका कपाटाच्या किल्लीने केला.

माहीत असते तर

नंतर कळले की, मूळ कागद अडकवून ठेवण्याचा अधिकार कोणत्याही संस्थेला नव्हता. तंत्रशिक्षणाच्या संस्थांबाबत एआयसीटीईचा नियम तेव्हाही होता. आम्हाला तो ठाऊक नव्हता. अभ्यासक्रम सुरू होण्यापूर्वी विद्यार्थ्याने प्रवेश रद्द केला तर जास्तीत जास्त एक हजार रुपये कापून बाकी फी परत करावी, असा तो नियम आहे.

पुढे ऑक्टोबर २०१८ मध्ये विद्यापीठ अनुदान आयोगानेही फी परतीचा तक्ता जाहीर केला. आपल्या व्यापाऱ्यांना तो सहज समजेल, कारण तो आपल्या माल-परतीच्या मुदतीसारखाच आहे. प्रवेशाच्या जाहीर केलेल्या अंतिम तारखेच्या पंधरा दिवस किंवा त्याहून आधी प्रवेश सोडला तर पूर्ण फी परत. त्यातून पाच टक्क्यांपर्यंत आणि कमाल पाच हजार रुपयेच प्रक्रिया खर्च म्हणून कापता येतात. अंतिम तारखेला पंधरा दिवसांपेक्षा कमी उरले असतील तर ९० टक्के. तारीख उलटून पंधरा दिवसांच्या आत ८० टक्के, पंधरा ते तीस दिवसांत ५० टक्के, आणि त्यानंतर काही नाही. मूळ प्रमाणपत्रे केवळ तपासणीसाठी पाहावीत, ठेवून घेऊ नयेत, हेही त्यात स्पष्ट लिहिले आहे.

तेव्हा पहिला नियम हा की, मूळ कागद कोणाच्याही कपाटात जाऊ देऊ नयेत. दाखवावेत, छायाप्रती द्याव्यात आणि परत आणावेत.

दुसरा नियम फीचा. खाजगी विनाअनुदानित व्यावसायिक कॉलेजांची फी राज्याचे शुल्क नियामक प्राधिकरण ठरवून देते. त्यासाठी २०१५ चा कायदा आहे. कोणत्या कॉलेजला किती फी मंजूर आहे हे प्राधिकरणाच्या संकेतस्थळावर पाहता येते. मंजूर फीच्या वर 'डोनेशन' म्हणून काही मागितले तर ते १९८७ च्या कॅपिटेशन फी बंदी कायद्याने गुन्हा आहे. आपण भाव विचारतो, पण छापील भावपत्रक मागत नाही, हीच आपली चूक.

कागद आधी, पसंती नंतर

आपल्या समाजात सर्वात जास्त जागा गुणांनी नव्हे, कागदांनी जातात. आपल्यातील अनेक पेशेवर बिरादऱ्या राज्याच्या ओबीसी यादीत आहेत. मुलगा ओबीसी म्हणून अर्ज भरतो, आणि जातवैधता प्रमाणपत्र किंवा नॉन-क्रीमी लेअर दाखला मुदतीत आला नाही की त्याला खुल्या वर्गात टाकले जाते. मग जिथे जागा लागली असती तिथे लागत नाही. नॉन-क्रीमी लेअर दाखल्याची मुदतही पाहावी लागते; २०२५-२६ च्या प्रवेशासाठी तो ३१ मार्च २०२६ पर्यंत वैध असणे जरूर होते.

त्याहून मोठी अडचण नावाची. आजोबांच्या शाळेच्या दाखल्यावर 'मो.', वडिलांच्या दाखल्यावर 'मोहम्मद', मुलाच्या आधारवर 'मोहम्मद'ची इंग्रजी आद्याक्षरे, आणि रेशनकार्डावर नावच नाही. उर्दू शाळेच्या रजिस्टरमधून मराठीत, मराठीतून इंग्रजीत येताना एका माणसाची तीन माणसे होतात. वैधता समितीपुढे हे एकच कुटुंब आहे हे सिद्ध करण्यात महिने जातात. मुलगा दहावीत असतानाच हे काम हाती घ्यावे. बारावीच्या निकालानंतर सुरू केलेले काम त्या वर्षी पुरे होत नाही, असे धरून चालावे.

ज्यांना आरक्षण लागू नाही त्यांच्यासाठीही वाट आहे. अल्पसंख्याक दर्जाच्या कॉलेजांत किमान ५१ टक्के जागा त्या समाजाच्या राज्यातील विद्यार्थ्यांसाठी असतात. १८७४ साली स्थापन झालेल्या अंजुमन-ए-इस्लामचे भायखळ्याचे साबू सिद्दीक कॉलेज व नवीन पनवेलचे काळसेकर संकुल ही त्यातली ठळक नावे. त्यासाठी अर्जात अल्पसंख्याक म्हणून नोंद करावी लागते. ती राहून गेली तर मग हळहळून उपयोग नाही. शिवाय प्रत्येक शाखेत पाच टक्के जादा जागा शिक्षण-शुल्क माफीच्या असतात. आठ लाखांच्या आत उत्पन्न असलेल्या कोणत्याही समाजाच्या मुलाला त्या मागता येतात, पण त्यांचा पर्याय-क्रमांक वेगळा असतो आणि तो वेगळा भरावा लागतो. हे बहुतेकांना माहीतच नसते.

पसंतीचा क्रम म्हणजे खरा सौदा

आता राज्याच्या सीईटी कक्षाच्या फेऱ्यांविषयी. अभियांत्रिकीच्या अर्जात तीनशेपर्यंत पर्याय क्रमाने भरता येतात. पुष्कळ पालकांना वाटते की, निवड जागा लागल्यावर करायची असते. तसे नाही. निवड क्रम भरतानाच होऊन जाते. संगणक वरून खाली येतो, आणि ज्या पहिल्या पर्यायात आपले गुण बसतात तिथे थांबतो. खालचे पर्याय तो पाहतही नाही.

पहिल्या फेरीत पहिल्याच पसंतीची जागा लागली तर ती बंधनकारक असते; घेतली नाही तर पुढच्या फेऱ्यांतून बाहेर. २०२५ साली चार फेऱ्या झाल्या, आणि हे बंधन दुसऱ्या फेरीत पहिल्या तीन पसंतींना व तिसऱ्या फेरीत पहिल्या सहा पसंतींना लागू होते. खालची पसंती लागली असेल तर विद्यार्थ्यापुढे दोन रस्ते असतात. एक, जागा 'फ्रीझ' करावी, म्हणजे सौदा पक्का. दुसरा, हजार रुपये स्वीकृती शुल्क भरून जागा हातात ठेवावी आणि 'बेटरमेंट'साठी पुढच्या फेरीत जावे. वरची जागा लागली नाही तर हातातली राहते. परंतु वरची लागली की हातातली त्याच क्षणी जाते. मग ती परत मागता येत नाही.

म्हणून आम्ही सांगतो की, जिथे खरोखर जायचे नाही त्या कॉलेजचे नाव केवळ मोठे आहे म्हणून वर लिहू नका. आणि जिथे मनापासून जायचे आहे ते, मिळणार नाही या भीतीने खाली लिहू नका. वर लिहिल्याने काही तोटा नाही. मिळाले नाही तर संगणक पुढे सरकतो, एवढेच.

ती रात्र

२०२५ साली आमच्या धाकट्या मुलीची पाळी आली. पहिल्या फेरीत तिला चौथ्या पसंतीची जागा लागली. घराजवळचे खाजगी कॉलेज, संगणक शाखा, रोज जाऊन-येऊन करता येईल असे. आमच्या मनासारखे झाले. बाजारात पेढे वाटायचे तेवढे बाकी होते. रात्री जेवणानंतर आम्ही म्हणालो, "बेटी, फ्रीझ करून टाकू."

ती म्हणाली, "अब्बा, मी बेटरमेंटला जाणार."

तिच्या क्रमात वर काय होते ते आम्हाला माहीत होते. पहिल्या क्रमांकावर मुंबईच्या एका जुन्या अनुदानित संस्थेची संगणक शाखा. ती मिळण्याइतके गुण तिला नव्हते, हे तिलाही ठाऊक होते. दुसऱ्या क्रमांकावर त्याच संस्थेची वस्त्र तंत्रज्ञान शाखा, आणि तिसऱ्यावर इचलकरंजीची तीच शाखा. म्हणजे पुढच्या फेरीत काही लागले तर ते कापडच लागणार आणि हातातला संगणक जाणार.

आम्हाला रागच आला. तीस-पस्तीस वर्षे या धंद्यात घातली. विजेचे दर पाहिले, सुताची तेजी-मंदी पाहिली, उधारीत बुडालेल्या पार्ट्या पाहिल्या, भंगारात मोडलेले माग पाहिले. आपल्या लेकरांना यातून बाहेर काढावे म्हणून तर ही सारी धडपड. आम्ही म्हणालो, "कापडात काय राहिले आहे? आम्हाला विचार."

ती शांतपणे म्हणाली, "तुम्हालाच विचारते, अब्बा. तुम्ही ग्रे कापड विकता. पुढे त्याचे काय होते?"

"पालीला जाते, बालोत्र्याला जाते, अहमदाबादला जाते."

"तिथे त्याला रंग लागतो, छपाई होते, फिनिश होते. मीटरमागे जास्त नफा कोणाचा, तुमचा की त्यांचा?"

याचे उत्तर आम्हाला पस्तीस वर्षांपासून माहीत आहे. पण ते कोणी आमच्याच घरात, आमच्याच सतरंजीवर बसून विचारील असे वाटले नव्हते. मुलीच्या अम्मीने मात्र दुसराच प्रश्न काढला, "मुंबईला राहणार कुठे? आणि कोणासोबत?" तो प्रश्नही खोटा नव्हता. मालेगावला रेल्वे नाही. मनमाडला जाऊन गाडी धरायची, आणि घरातली पोर आजवर एक रात्र बाहेर राहिलेली नाही.

निर्णयाला दोन दिवस होते. २०१६ ची ती स्कूटर आम्हाला आठवली. आम्ही ठरवले की, या वेळी रागावर नाही, हिशेबावर ठरवू. दुसऱ्या दिवशी सकाळी कोरी वही काढली.

चार पाने

पहिले पान पैशांचे. येथे बहुतेक पालक चुकतात, कारण ते पहिल्या वर्षाची फी पाहतात. समजा, एका कॉलेजची फी वर्षाला एक लाख वीस हजार, मुलगा घरून जातो. चार वर्षांचे चार लाख ऐंशी हजार. दुसऱ्याची फी नव्वद हजार, पण वसतिगृह-मेसचे ऐंशी हजार. चार वर्षांचे सहा लाख ऐंशी हजार. वरवर स्वस्त दिसणारे दोन लाखांनी महाग पडले. याला आपण पडता भाव म्हणतो. तो काढल्याशिवाय बोलू नये.

यात एक मोठी गोष्ट २०२४-२५ पासून बदलली. आठ लाखांच्या आत उत्पन्न असलेल्या ओबीसी, आर्थिक दुर्बल व सामाजिक-शैक्षणिक मागास वर्गातील मुलींना व्यावसायिक शिक्षणाचे शिक्षण शुल्क व परीक्षा शुल्क राज्य शासन पूर्ण भरते. पूर्वी ही सवलत निम्मी होती. अट एवढीच की, प्रवेश सरकारी केंद्रीय फेरीतून झालेला असावा. व्यवस्थापन कोट्यातून घेतलेला प्रवेश, खाजगी अभिमत विद्यापीठे आणि स्वयंअर्थसहाय्यित विद्यापीठे यांना ती लागू नाही. म्हणजे घाबरून आधीच इसार देऊन घेतलेली जागा या सवलतीलाही मुकवते. मात्र विकास शुल्क, वसतिगृह, जेवण हा खर्च आपलाच. फुकट म्हणजे सगळे फुकट असे समजू नये. आमच्या वहीत या सवलतीमुळे दोन्ही कॉलेजांच्या फीतला फरक जवळजवळ मिटला आणि उरला तो मुंबईच्या राहण्या-खाण्याचा.

दुसरे पान मालाच्या दर्जाचे. नॅकचा शिक्का संपूर्ण संस्थेचा असतो, एनबीएचा शाखेचा. आपल्याला ज्या शाखेत जायचे तिला एनबीए आहे का, हे पाहावे. प्रत्येक संस्थेने शिक्षक किती, फी किती, जागा किती हे आपल्या संकेतस्थळावर उघड करावे असा एआयसीटीईचा नियम आहे. ते वाचावे. 'शंभर टक्के नोकऱ्या' असा फलक लावला असेल तर विचारावे, कितींपैकी किती? सर्वात मोठा पगार किती हे विचारू नये. तो एकाला मिळतो. मधल्या विद्यार्थ्याला किती मिळाला ते विचारावे, कारण आपले लेकरू बहुधा मधलेच असते.

तिसरे पान डोळ्यांनी पाहण्याचे. आम्ही मुलीला घेऊन रात्रीच्या गाडीने मुंबईला गेलो. आगाऊ कळवले नाही. कामाच्या दिवशी, दुपारी, साध्या माणसासारखे फाटकातून आत गेलो. वस्त्र विभागात माग होते; आम्ही जवळ जाऊन पाहिले की त्यावर धूळ आहे की तेल. तेल होते. बाहेर चहाच्या टपरीवर तिसऱ्या वर्षाची दोन मुले भेटली. त्यांना विचारले, काय वाईट आहे ते सांगा. त्यांनी मोकळेपणाने सांगितले की, इमारत जुनी आहे, मेसचे जेवण बेताचे आहे, आणि संगणकवाल्यांना नोकऱ्या जशा दारात येतात तशा आम्हाला येत नाहीत, आम्हाला शोधायला जावे लागते. आम्ही मुलीकडे पाहिले. ती वहीत लिहून घेत होती. मुलींच्या वसतिगृहाच्या रेक्टरबाईंना मुलीची अम्मी फोनवर अर्धा तास बोलली. काय बोलली ते आम्हाला कळले नाही, पण संध्याकाळी तिचा आवाज हलका वाटला.

चौथे पान मुलीचे. ते आम्ही तिला लिहायला सांगितले आणि आम्ही वाचणार नाही असे कबूल केले. आजतागायत वाचलेले नाही.

संगणकाच्या बाजूने आमची बाजू कमजोर नव्हती, हेही प्रामाणिकपणे सांगतो. संगणक शिकलेल्याला कोणत्याही धंद्यात काम मिळते. कापड शिकलेल्याला कापडात. धंदा बसला तर तोही बसतो. दुसऱ्या बाजूने हेही खरे की, कापड म्हणजे आता केवळ साडी-लुंगी नव्हे. इस्पितळात लागणारे, शेतात लागणारे, रस्त्याखाली अंथरायचे असे कापड बनते. तांत्रिक वस्त्रांसाठी केंद्र सरकारने २०२० साली १,४८० कोटी रुपयांचे राष्ट्रीय अभियान मंजूर केले. मालेगाव, भिवंडी, इचलकरंजीत माग चालवणारे हजारो आहेत, पण शाई-रसायन समजणारा, माल परत का आला हे प्रयोगशाळेत शोधणारा माणूस आम्हाला बाहेरून आणावा लागतो, आणि त्याच्या अटींवर आणावा लागतो.

दुसऱ्या फेरीचा अर्ज मुलीने स्वतः भरला. क्रम बदलला नाही. पहिल्या फेरीनंतर आयआयटी-एनआयटीकडे जाणारी काही मुले जागा सोडतात, म्हणून दुसऱ्या फेरीत यादी थोडी खाली उतरते. तशी ती उतरली. दुसऱ्या पसंतीची जागा लागली, बंधनकारक झाली, आणि घराजवळचा संगणक गेला.

शिल्लक

तिचा निर्णय बरोबर की चूक, हे चार वर्षांनी कळेल. कदाचित दहा वर्षांनी. आम्ही त्यावर आज शिक्का मारीत नाही. मनमाड स्टेशनवर तिला गाडीत बसवले तेव्हा आमच्याही मनात आले होते की, फ्रीझ केले असते तर ही आज रात्री घरी असती. पण एक फरक आम्ही जमेच्या बाजूला लिहून ठेवला आहे. थोरल्याच्या वेळी निर्णय भीतीने झाला आणि तो कोणाचाच नव्हता. धाकटीच्या वेळी हिशेब पूर्ण मांडला, आणि मग तो तिचा झाला. नुकसान झाले तरी ते डोळे उघडे ठेवून केलेल्या सौद्यातले असेल. व्यापाऱ्याला असे नुकसान पचते. फसवणुकीतले पचत नाही.

वाचक बंधू-भगिनींना आमची विनंती एवढीच. नववी-दहावीतच कागद नीट करा. इसार मागणाऱ्याला चहा पाजा, पैसे देऊ नका. मूळ दाखला घराबाहेर ठेवू नका. चार वर्षांचा पडता भाव काढा. कॉलेज उजेडात जाऊन पाहा. आणि चौथे पान लेकराला लिहू द्या. यादीत नाव लागले म्हणजे सौदा संपला असे नाही. सौदा तिथून सुरू होतो.

परवा थोरला मुलगा बहिणीला भेटायला मुंबईला गेला होता. परत आल्यावर म्हणाला, "अब्बा, तिचा शाळा सोडल्याचा मूळ दाखला कुठे आहे?"

आम्ही तिजोरी उघडून दाखवला. तो थोडा वेळ त्याकडे पाहत राहिला आणि म्हणाला, "राहू द्या इथेच."